मांगराचे पाहुणेघर आणि पहिला पाऊस

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावी, राहत्या घराच्या मागे काजूच्या बागेत, माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेला एक मांगर आहे. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मांगर म्हणजे वाडीतली जोडइमारत. गवत, नांगर, भाताच्या कणग्या आणि पावसाळ्यात गुरेसुद्धा जिथे ठेवतात ती. आमची गुरे गेली, भातशेती कमी झाली, मांगरात अडगळ साठत गेली, आणि निवृत्तीनंतर आम्ही दोघे गावी राहायला आलो तेव्हा त्या अडगळीच्या जागी पाहुण्यांसाठी दोन खोल्या कराव्यात असे आमच्या मनाने घेतले.

मूळ डागडुजीची हकीकत लांबवत नाही. कुजलेले वासे आणि रिपा बदलल्या, कौले उतरवून धुऊन पुन्हा चढवली, एका बाजूची खचलेली भिंत पायापासून नव्याने घेतली आणि मागे दोन न्हाणीघरे जोडली. हे सगळे मृगाच्या आत आटोपले. त्या पावसाळ्यात घर रिकामेच होते. गळते का, एवढेच आम्ही रोज छत्री घेऊन पाहून येत होतो. गळले नाही. दिवाळीनंतर उरलेसुरले हातावेगळे करायला पंधरा दिवस पुरतील असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात ते पुढचा मे महिना उजाडेपर्यंत चालले, आणि त्यानंतरच्या जूनमध्ये पावसाने आमच्या सजावटीची जी तपासणी केली, तिच्यात निम्मी सजावट नापास झाली. हा लेख त्या निम्म्याविषयी आणि उरलेल्या निम्म्याविषयी आहे.

सुरुवात भिंतींपासून केली, कारण भिंतींचे ठरल्याशिवाय बाकी काहीच ठरत नाही. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि हवेवर राहिला की कठीण होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश प्रवाशाला केरळात लोक विटेसारखा कापताना दिसलेला तो हाच दगड. त्याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट असे नाव दिले. कठीण झाला तरी तो भोकाभोकांचा राहतो, पाणी पितो आणि ऊन पडले की ते सोडतो. आमच्या मांगराच्या एका भिंतीला वीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी हौसेने सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट लावला होता, त्यामुळे दगडाने प्यायलेल्या पाण्याला बाहेर यायला वाटच उरली नव्हती. परिणामी गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत भिंतीला लोणा लागला होता. बोटाने दाबले की रंगाचा पापुद्रा आणि त्यामागचे पांढरे मीठ हातात यायचे. तो गिलावा छिन्नीने काढायलाच चार दिवस गेले.

आतल्या भिंतींना चुना लावायचा हे त्यामुळे ओघानेच ठरले. पूर्वी आमच्याकडे शिंपल्यांचा चुना करीत असत. आता आम्हाला दुकानातला कळीचा चुना आणावा लागला. पत्र्याच्या पिंपात पाणी घेऊन त्यात खडे सोडले की काही क्षण काहीच होत नाही, मग तळातून गुरगुर सुरू होते, वाफ येते आणि सगळे पिंप भाताच्या टोपासारखे खदखदू लागते. पहिल्या खेपेला मी हे पिंप नव्याने तेल दिलेल्या दारापाशी ठेवण्याचा शहाणपणा केला होता. उडालेल्या शिंतोड्यांनी दाराच्या खालच्या फळीवर जे पांढुरके भाजल्यासारखे डाग पडले, ते आजही तिथे आहेत.

विरलेला चुना आठवडाभर पाण्याखाली ठेवून, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून, त्यात थोडा डिंक आणि चिमटीभर नीळ घालून दुधाइतका पातळ केला. मेस्त्रींनी आधी भिंतीवर पाणी मारले, कारण कोरड्या भिंतीवर चुना लावला तर भिंत त्यातले पाणी लगेच ओढून घेते आणि चुना पुढे पिठासारखा झडतो. पहिला हात दिला तेव्हा भिंत होती तशीच काळपट, ओली दिसत होती. माझा चेहरा पाहून मेस्त्री म्हणाले, "आज लायलेलो चुनो उद्या दिसता, वैनी. आता बघू नकात." खरोखरच दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत एक पायरी उजळ झाली होती. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडाच्या जातीचा होत जातो, त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. आम्ही चार हात दिले, प्रत्येक दोन हातांमध्ये एक दिवस सोडून. तयार रंगाच्या डब्याने हे काम दोन दिवसांत झाले असते हे मला मान्य आहे, पण काचेच्या कौलातून येणारा दुपारचा उजेड चुन्याच्या भिंतीवर जसा मऊ पसरतो तसा डिस्टेंपरवर पसरलेला मी पाहिलेला नाही.

बाहेरचा चिरा उघडा ठेवला आणि सांध्यांच्या दर्जा चुन्यानेच भरल्या. इथे मात्र माझ्याकडून एक चूक झाली. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदाराने चिऱ्यावर लावायचे एक पारदर्शक लुकण दाखवले, त्याने दगड कायम ओला, गडद आणि चकचकीत दिसतो असे सांगितले, आणि पश्चिमेच्या भिंतीला मी ते लावून घेतले. मेस्त्री काही बोलले नाहीत, फक्त कुंचा आपल्या पोराच्या हाती देऊन विडी ओढायला गेले. फोटोत ती भिंत सुरेख आली.

जमिनीवरून घरात वाद झाला. मला दोन्ही खोल्यांत शेणाने सारवलेली जमीन हवी होती. शहरातून येणाऱ्या पाहुण्याला पायाखाली तो गारवा मिळावा अशी माझी कल्पना होती. सासूबाईंचे वय ८४ आहे आणि त्यांतली सत्तर वर्षे तरी त्यांनी जमिनी सारवल्या आहेत. त्या म्हणाल्या, "शेणाची जमीन व्हयी तर सारवूक माणूस व्हया. तुझे पावणे सारवतले काय?" दर आठ-दहा दिवसांनी सारवण, चाकांच्या बॅगांनी पडणारे पोपडे आणि पाहुण्यांच्या मुलांनी सांडलेले पाणी यांचा हिशेब मांडल्यावर मी माघार घेतली. सारवण फक्त समोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ठेवले, जिथे ते पावसाळा सोडून वर्षभर शोभते, आणि खोल्यांत तांबडा कोबा केला.

तांबडा कोबा हे आता जवळजवळ विसरलेले काम आहे. खालचा थर ओला असतानाच सिमेंट आणि तांबड्या ऑक्साइडचे मिश्रण वर पसरून थापीने घोटत न्यायचे असते, आणि संपूर्ण खोली एकाच दिवसात, शक्यतो एकाच माणसाच्या हातून झाली पाहिजे, कारण हात बदलला की रंगाची छटा बदलते. पहिल्या खोलीचे काम आरशासारखे झाले. दुसऱ्या खोलीच्या आदल्या रात्री शेजारच्या गावची जत्रा होती. आमच्याकडे जत्रा म्हणजे रात्रभर दशावतार, त्यामुळे दोन्ही कामगार पहाटे परस्पर देवळातूनच कामावर आले. दुपारी साडेतीनला अर्धी खोली घोटून झाली असताना त्यांच्यातला जाणता माणूस खांबाला टेकला आणि झोपला. त्याला उठवण्याचा धीर आम्हाला झाला नाही. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी झाली, आणि आज त्या खोलीत पलंगाच्या पायथ्यापासून खिडकीपर्यंत जाणारी एक रेघ आहे, जिच्या अलीकडे जमीन गेरूसारखी आणि पलीकडे कोकमाच्या सालीसारखी दिसते. पाहुणे विचारतात, ही रचना मुद्दाम केली आहे का? यजमान 'हो' म्हणतात.

कोब्यावर दहा दिवस पाणी तुंबवून ठेवले, नंतर वाळल्यावर खोबरेल तेलाच्या फडक्याने आठवड्यातून एकदा असे सहा वेळा पुसले. चमक लाद्यांच्या दुकानातली नव्हे, वापरलेल्या पितळेची असते, आणि ती चालण्याने वाढते.

लाकूडकामाने सर्वांत जास्त वेळ घेतला. मांगराचे चार खांब फणसाचे आहेत, दारे-खिडक्या किंजळाच्या, आणि सगळ्यांवर गेल्या पन्नास वर्षांत दर लग्नकार्याला एकेक थर ऑइलपेंट चढलेला होता. खरवडताना आधी बदामी, मग निळा, मग पोपटी आणि पुन्हा निळा असे थर निघत गेले. सासूबाई खुर्ची टाकून बसत आणि कोणता रंग कोणाच्या लग्नातला हे सांगत. थोरल्या नणंदेच्या लग्नातला पोपटी सर्वांत चिवट निघाला. सगळ्यांच्या तळाशी फणसाचे लाकूड होते. ताजे कापलेले फणसाचे लाकूड हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षानुवर्षे गडद होत जाते. आमचे खांब उकळलेल्या काकवीच्या रंगाचे झाले होते. त्यांना अळशीच्या तेलात थोडे टर्पेंटाइन मिसळून तीन हात दिले. हे काम करणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य पाळावी, की तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चुरगाळलेल्या बोळ्यात ती साठून फडके आपोआप पेटू शकते. आम्ही फडकी दोरीवर पसरून वाळवत होतो.

वाशांना आणि रिपांना वाळवीसाठी काजूच्या टरफलांचे तेल लावले, जसे होड्यांच्या लाकडाला लावतात. ते काळे, उग्र आणि अंगावर पडले तर फोड आणणारे असते. हातमोजे घालूनही माझ्या मनगटावर आठ दिवस व्रण होता. तरी वाळवीने इतक्या वर्षांत आढ्याला तोंड लावलेले नाही, ते याच तेलाच्या कृपेने, असे गावात सगळे मानतात.

छपराविषयी पाहुण्यांची अपेक्षा आणि आमची इच्छा यांत तडजोड करावी लागली. आमची कौले मंगळुरी आहेत. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना काढला आणि पुढे ही चपटी, एकमेकांत अडकणारी कौले किनाऱ्याने वर कोकणात येऊन जुन्या नळ्यांच्या जागी बसली. खालून पाहिले तर त्यांच्या पाठीवर कारखान्याची उठावाची अक्षरे दिसतात, आणि अंथरुणावर पडून ती वाचत राहणे हा माझा लहानपणापासूनचा छंद आहे. परंतु कौलांच्या फटींतून पाली येतात, माकडे उड्या मारून कौले सरकवतात, आणि पालीसह झोपण्याची तयारी सर्वांची नसते. तेव्हा एका खोलीला फळ्यांची तक्तपोशी केली आणि दुसरी तशीच उघडी ठेवली. फोनवर बोलतानाच पाहुण्यांना विचारतो, छप्पर पाहायचे आहे की पाल टाळायची आहे.

खरी सजावट म्हणतात ती यानंतर सुरू झाली, आणि तिथे माझा संयम सुटला. 'रस्टिक' या नावाखाली बाजारात जे मिळते त्याला एक ठरावीक चेहरा आलेला आहे. भिंतीवर बैलगाडीचे चाक, कोपऱ्यात कधी न पेटलेला कंदील, दारात पितळेच्या घंगाळात तरंगणारी शेवंती. आमच्या डोंगरउताराच्या वाडीत बैलगाडी कधी आलीच नाही, येथपर्यंत तर वाटसुद्धा नव्हती. तरी एका हितचिंतकाने चाक भेट म्हणून पाठवले. ते सध्या लिंबाच्या वेलवर्गीय शेजाऱ्याला, म्हणजे कारल्याला, आधार देते. पण दुसऱ्यांच्या चाकाला हसताना मी स्वतः काय केले तेही लिहिले पाहिजे. मी तागाचे दोन मोठे गालिचे घेतले, बांबूच्या विणीचे चार दिव्यांचे टोप घेतले, कापसाच्या जाड गाद्या करवून घेतल्या, एक चामड्याची आरामखुर्ची आणली, आणि पिंगुळीहून चित्रकथीच्या, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या लोककलेच्या, शैलीतली दोन चित्रे आणून काचेच्या चौकटीत घट्ट बसवून भिंतीला टेकवून टांगली. पिंगुळी आमच्यापासून दूर नाही. तिथल्या ठाकर कलावंतांनी ही परंपरा जपली आहे, आणि त्यांतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा अख्ख्या जिल्ह्याला आनंद झाला होता. चित्रांत दोष नव्हता, माझ्या चौकटींत होता.

मे महिन्यात पहिले पाहुणे आले, फोटो निघाले, कौतुक झाले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला.

आमच्या किनारपट्टीवर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण घरातल्या वस्तूंचा घात पडणारा पाऊस करीत नाही, हवेतली ओल करते. दहाव्या दिवशी आरामखुर्चीवर हिरवट साय धरली. गालिच्यांना ओल्या पोत्याचा वास येऊ लागला आणि एक उचलला तर खाली कोब्यावर त्याच्या विणीचा ठसा उमटलेला होता. बांबूच्या टोपांवर काळे ठिपके आले. आमच्या गावच्या बुरडाने ते पाहून, बांबू कोणत्या महिन्यात तोडला होता एवढेच विचारले, आणि मला उत्तर माहीत नाही म्हटल्यावर सूप विणायला परत बसला. गाद्या तर दोन माणसांनी उचलाव्यात इतक्या जड झाल्या. चित्रांच्या चौकटीत काचेच्या आतून धुके धरले, म्हणून ती वेळीच सोडवून कागद वाचवले. आणि पश्चिमेच्या भिंतीवरचे ते चकचकीत लुकण जुलैच्या अखेरीस पिकलेल्या फोडासारखे फुगून सुटू लागले. सिमेंटच्या गिलाव्याने आत जे केले होते तेच मी पैसे देऊन बाहेर करून घेतले होते.

चुन्याच्या भिंतींना काही झाले नाही. चुना अतिशय अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशीला सहजी जम बसवता येत नाही, हे मी वाचले होते. शेजारी ठेवलेली खुर्ची हिरवी होत असताना मागची भिंत पांढरीच राहते हे डोळ्यांनी पाहिले. कोब्याला पहाटे घाम येई आणि नऊ वाजेपर्यंत निघून जाई. फणसाच्या खांबांना तर पावसाची खबरही नव्हती.

जुलै-ऑगस्टमध्ये खोल्या बंद ठेवून मी सगळे पुन्हा मांडले. कपाट काढून टाकले, कारण बंद कपाट म्हणजे बुरशीची पेटी. त्याऐवजी दर्जांमध्ये ठोकलेल्या लाकडी खुंट्यांची रांग आणि वर एक उघडी फळी केली. जुन्या मांगरात जू आणि दोर टांगायला अशाच खुंट्या होत्या, त्यांतल्या तीन अडगळीत सापडल्या. कापसाच्या गाद्यांच्या जागी काथ्याच्या आणल्या, वर पातळ सोलापुरी चादर आणि सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळी. वाकळ पातळ असल्याने पडवीतल्या दोरीवर दोन दिवसांत वाळते. बिजागऱ्या आणि कड्या खाऱ्या वाऱ्याने एका पावसातच तांबारल्या होत्या, त्या पितळेच्या बसवल्या. दिव्यांना टोप नाहीत. कोनाड्यांत २७०० केल्विनचे पिवळसर दिवे लपवले आहेत, त्यांचा उजेड चुन्यावरून परतून खोलीत येतो, आणि वाचणाऱ्यासाठी उशाशी एक वेगळा दिवा आहे, कारण मंद उजेडाच्या हौसेपायी पाहुण्याचे डोळे शिणवू नयेत. चित्रे नव्या चौकटीत, मागे लाकडाच्या गट्ट्या लावून, भिंतीपासून बोटभर पुढे टांगली आहेत. बुटक्या दाराच्या चौकटीला मात्र काही करता आले नाही. गणेशपट्टीवर कपाळ आपटल्यावाचून एकही उंच पाहुणा आत गेलेला नाही, म्हणून तिच्यावर झेंडूची माळ जरा खालपर्यंत सोडतो. ती नाकाला लागली की माणूस वाकतो.

आता ऑक्टोबर सुरू आहे. पश्चिमेची भिंत खरवडून झाली, गादी-वाकळी उन्हात पडल्या आहेत, खळे चोपून पुन्हा सारवले. दिवाळीआधी आतल्या भिंतींना एक हात द्यायचा म्हणून काल कळीचा चुना आणला. पिंप या वेळी विहिरीजवळ ठेवले आहे, दारापासून वीस पावलांवर.